नेफ्रॉस्टॉमी झाली होती, नेफ्रेक्टॉमी आता आहे

पत्र

माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि डाव्या किडनीत खडा अडकून पू झाल्याचं निघालं. तेव्हा पाठीतून एक नळी घातली, ती अजून आहे. त्या वेळच्या डिस्चार्ज कागदावर 'लेफ्ट पीसीएन, नेफ्रॉस्टॉमी' असं आहे. आता संमतीपत्रावर 'लॅप. लेफ्ट सिंपल नेफ्रेक्टॉमी, एसओएस ओपन' लिहून आलंय. आत्याबाई म्हणतात, "डावी तर मागेच काढली होती ना? मग आता उजवी काढतायत की काय?" मेडिक्लेमवाल्यांनीही विचारलंय, की डाव्या किडनीची शस्त्रक्रिया झालेली असताना पुन्हा तीच कशी? डीटीपीए स्कॅनमध्ये एकूण जीएफआर ६२, डावी ८ टक्के, उजवी ९२ टक्के असं आहे, क्रिएटिनिन १.२. आमच्या एका नातलगाच्या कागदावर 'रॅडिकल' होतं आणि त्यांना कॅन्सर होता. मग 'सिंपल' म्हणजे साधं ऑपरेशन का? आणि एका किडनीवर पुढे कसं? सोमवारी सही करायची आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर

आत्याबाईंची शंका आधी सोडवू, कारण घरातली झोप तिनेच उडवली असणार. डावी किडनी मागे काढलेली नाही. ती आजही तुमच्या सासऱ्यांच्या पोटात आहे आणि पाठीतली नळी तिच्यातच बसवलेली आहे. मागे झाली ती नेफ्रॉस्टॉमी, आता व्हायची आहे ती नेफ्रेक्टॉमी. दोन्ही एकाच बाजूच्या, एकाच आजारासाठी, पण कामं अगदी वेगळी. कागदावर दोन वेळा 'लेफ्ट' आहे आणि ते तसंच असायला हवं.

या दोन शब्दांची गल्लत होते ती कुणाच्या अडाणीपणामुळे नाही. इंग्रजीत दोन्ही शब्द अकरा-अकरा अक्षरांचे आहेत आणि त्यांतली फक्त दोन अक्षरं वेगळी. एन-ई-पी-एच-आर इथपर्यंत सारखं, पुढे एकात 'ई-सी-टी' येतं आणि दुसऱ्यात 'ओ-एस-टी'. शेवट पुन्हा सारखा. घाईत लिहिलेल्या डॉक्टरी अक्षरात हा फरक कुठल्या कुठे जातो. म्हणून कागद हातात आला की 'नेफ्र'च्या पुढची तीन अक्षरं बघायची सवय लावा. 'ई-सी-टी' असेल तर किडनी काढणं. 'ओ-एस-टी' असेल तर किडनीला बाहेरून वाट करून देणं.

मूळ शब्द ग्रीक. 'नेफ्रोस' म्हणजे मूत्रपिंड, 'एक्टोमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. टॉन्सिलेक्टॉमी, अपेंडिसेक्टॉमी यांतला शेवट हाच आहे. 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करून देणं; आतड्याची पिशवी पोटावर लावतात त्या कोलॉस्टॉमीतला शेवट तो. आणि नुसतं 'ऑटॉमी' असेल तर चीर देणं, अवयव न काढता. खडा काढण्यासाठी किडनीत शिरतात, ती नेफ्रोलिथोटॉमी. मधला 'लिथो' म्हणजे दगड. पाठीतून छोटं छिद्र पाडून हे करतात तेव्हा कागदावर पीसीएनएल लिहिलेलं असतं. पीसीएन आणि पीसीएनएल यांतला तो एकटा 'एल' म्हणजे हाच 'लिथो'. पीसीएन ही नळी, पीसीएनएल म्हणजे खडा काढणं, आणि दोन्हींत किडनी जागच्या जागी राहते.

आपल्या बोलण्यात याहून मोठा घोळ आहे. 'किडनीचं ऑपरेशन झालं' म्हटलं की काहीही असू शकतं. खडा काढलेला माणूसही 'किडनी काढली' असं सहज बोलून जातो. 'दुर्बिणीने केलं' हा शब्दही फसवा आहे, कारण लघवीच्या वाटेने घातलेली दुर्बीण, पाठीतून घातलेली दुर्बीण आणि पोटावर छिद्रं पाडून घातलेली दुर्बीण (संमतीपत्रावरचं 'लॅप.', म्हणजे लॅपरोस्कोपिक, ते हेच) या तिन्हींना आपण दुर्बीणच म्हणतो. संस्कृत वळणाने 'वृक्क' आणि 'उच्छेदन' जोडून वृक्कोच्छेदन असा शब्द करता येतो, पण वॉर्डात तो कुणी बोलत नाही. घरच्यांना सांगताना 'डावं मूत्रपिंड पूर्ण काढणार' एवढं साधं सांगा. त्यात बाजूही आली आणि किती काढणार तेही आलं.

मग नळी आधी का, आणि काढणं आता का

अडलेल्या किडनीत पू झाला की पहिलं काम त्याला वाट देण्याचं. तापाच्या भरात किडनी काढायला गेलं, तर जंतू रक्तात पसरून रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो. म्हणून सोनोग्राफीवर बघत, साधारणपणे जागा बधिर करून, पाठीतून बारीक नळी घालतात. ही बहुधा ८ ते १२ फ्रेंच मापाची असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा जाडी तीन-चार मिलिमीटरच्या आतच. नळीने दोन गोष्टी साधतात. ताप उतरतो, आणि दाब सुटल्यावर किडनी पुन्हा काम करते का ते बघायला वेळ मिळतो. पिशवीत रोज किती आणि कशी लघवी येते याची नोंद ठेवायला सांगितली असेल, ती याचसाठी. काही आठवड्यांनी पुन्हा डीटीपीए स्कॅन, म्हणजे कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारा स्कॅन करतात, तोही याचसाठी. इतके दिवस वाट बघून डावीचा वाटा ८ टक्केच राहिला, म्हणजे ती सावरली नाही असं दिसतं. वाटा १० टक्क्यांच्या खाली असेल आणि किडनीत खडा-पू असेल, तर ती वाचवण्यापेक्षा काढण्याकडे सर्जनचा कल असतो. ती काम करत नाही, पण पू पुन्हा धरू शकते.

एक मात्र जरूर विचारा: हा ८ टक्क्यांचा स्कॅन नळी घालण्याआधीचा आहे की नंतरचा? कागदावरची तारीख बघा. दाबाखालच्या किडनीचा स्कॅन तिची कुवत खरी असते त्याहून कमी दाखवू शकतो. स्कॅन आधीचाच असेल, तर सोमवारच्या आत सर्जनशी मोकळेपणाने बोला. 'नळीनंतर पुन्हा तपासलं का?' हा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

८ आणि ९२ या आकड्यांचा अर्थ

हे टक्के म्हणजे दोन्ही किडन्यांनी मिळून केलेल्या कामातला वाटा. एकूण काम किती, ते जीएफआरवरून कळतं, आणि दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. तुमच्या बाबतीत एकूण ६२, म्हणजे मिनिटाला ६२ मिलिलिटर रक्तरस गाळला जातो. त्यातले डावीचे ८ टक्के म्हणजे जेमतेम ५. उरलेले ५७ उजवी एकटीच गाळते आहे. डावी काढल्यावर ६२ चे ५७ होतील, फार तर थोडे इकडेतिकडे. तुम्ही विचारता 'एका किडनीवर पुढे कसं', तर सासरे आत्ताही जवळजवळ एकाच किडनीवर आहेत. त्यामुळे ऑपरेशननंतर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.२ च्या आसपासच राहायला हवं. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडं वर गेलं तर घाबरू नका. पण वाढतच राहिलं तर कारण शोधायला हवं: पाणी कमी पडलं, एखादं औषध बाधलं, की उजव्या बाजूला काही अडलं.

निरोगी दात्याची किडनी काढतात तेव्हा हिशेब वेगळा असतो. तिथे निम्मं काम एकदम जातं आणि उरलेली किडनी हळूहळू वाढून भार उचलते. त्यामुळे एखाद्या दात्याच्या आकड्यांशी सासऱ्यांचे आकडे ताडून बघू नका.

'सिंपल' म्हणजे सोपं नव्हे

हा शब्द नातेवाइकांना सर्वांत जास्त चकवतो. सिंपल आणि रॅडिकल हे शब्द किती काढायचं ते सांगतात, किती अवघड ते नाही. किडनीभोवती चरबीचा थर असतो, आणि त्याच्यावर गेरोटा नावाचं पातळ आवरण. कॅन्सर असेल तर हे आवरण न उघडता किडनी, चरबी आणि आवरण असं सगळं एका गठ्ठ्यात काढतात. गाठीच्या जागेनुसार वरची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी आणि लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड). ते रॅडिकल. तुमच्या नातलगांचं तेच असणार. कॅन्सर नसेल, किडनी निकामी झाली असेल, तर आवरणाच्या आत शिरून फक्त किडनी काढतात आणि अधिवृक्क ग्रंथी जागेवर ठेवतात. ते सिंपल. तिसरा शब्द पार्शल, म्हणजे गाठीपुरता तुकडा काढून बाकीची किडनी राखणं. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत जमत असेल तर हल्ली याच मार्गाला पसंती असते. दान करताना 'डोनर' असं लिहितात. आणि 'नेफ्रोयुरेटरेक्टॉमी' असा लांबलचक शब्द असेल तर किडनीबरोबर मूत्रवाहिनीही मूत्राशयापर्यंत काढतात.

आता गंमत अशी, की पू झालेल्या किडनीची सिंपल नेफ्रेक्टॉमी ही बऱ्याचदा रॅडिकलपेक्षा अवघड जाते. निरोगी शरीरात किडनी आणि आतडं, किडनी आणि प्लीहा यांच्यामध्ये मऊ पदर असतात. बोटाने सुटावेत असे. महिनोन्महिने सूज राहिली की हे पदर एकमेकांना चिकटून चामड्यासारखे होतात. रक्तवाहिन्या त्या गोळ्यात बुडून जातात. म्हणून संमतीपत्रावर 'एसओएस ओपन' लिहिलंय: गरज पडली तर दुर्बीण सोडून मोठा छेद घेऊ. याची परवानगी आधीच घेणं चांगलं लक्षण आहे. चिकटलेल्या किडनीत दुर्बिणीचा हट्ट धरणाऱ्यापेक्षा वेळेत ओपन करणारा सर्जन बरा. तसं झालं तर 'ऑपरेशन बिघडलं' असं समजू नका.

आत नेमकं काय होतं

पूर्ण भूल देतात. लघवीसाठी कॅथेटर घालतात. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवतात, म्हणजे डावी बाजू वर येते. पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडून कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात. डावीकडचं मोठं आतडं बाजूला सारतात, मूत्रवाहिनी शोधतात आणि तिचा माग काढत वर किडनीच्या देठापर्यंत जातात. तिथे आधी धमनी बंद करतात, मग शीर. हा क्रम महत्त्वाचा आहे: शीर आधी बंद केली तर रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, आणि किडनी फुगून भळभळा वाहू लागते. सुटी झालेली किडनी पिशवीत घालून खालच्या पोटावरच्या पाच-सात सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. पाठीतली नळी याच वेळी निघते. शेवटी बहुधा एक ड्रेन, म्हणजे निचऱ्याची नळी ठेवतात, ती एक-दोन दिवसांची.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवतात. बघायचं धैर्य असेल तर बघा. निरोगी किडनी मुठीएवढी, दहा-बारा सेंटिमीटर लांब, गच्च आणि तांबूस असते. अशी निकामी किडनी पुष्कळदा फुगून पातळ पडलेल्या पिशवीसारखी दिसते. आत पू, गाळ आणि खडा. 'चांगली होती, उगाच काढली' ही टोचणी मनात राहत असेल, तर ते बघून ती जाते. किडन्या काढून विकल्याच्या बातम्या वाचून आत्याबाई धास्तावल्या असतील, तर त्यांनाही सांगा की अशी किडनी कुणालाच बसवता येत नाही. ती फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला जाते. बायोप्सी रिपोर्ट मात्र हाताने जाऊन घ्या आणि पूर्ण वाचून घ्या. जुन्या खड्याच्या किडनीत कधी कधी स्कॅनमध्ये न दिसलेली गाठ निघते, आणि उलट, स्कॅनमध्ये कॅन्सरसारखा दिसणारा गोळा नुसता जुनाट जंतुसंसर्गाचा निघतो. रिपोर्ट आल्याशिवाय फाइल बंद करू नका.

सही करताना

संमतीपत्र घाईत दारात उभ्याने नको, बसून वाचा. 'लेफ्ट' पूर्ण शब्दात लिहिलेलं असावं. नुसतं 'एल' किंवा 'एलटी' चालवून घेऊ नका. स्कॅन, सोनोग्राफी आणि संमतीपत्र या तिन्हींवर बाजू एकच आहे ना, हे स्वतः ताडून बघा. ऑपरेशनच्या सकाळी सासरे शुद्धीत असताना डाव्या बाजूला शाईने खूण करून घ्या. चुकीच्या बाजूची किडनी काढल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, चांगल्या इस्पितळांतही, आणि त्यांतल्या कितीतरी कागदावरच्या एका चुकीच्या शब्दापासून सुरू झाल्या. तुमच्या बाबतीत उजवी हीच खरी काम करणारी किडनी आहे, म्हणून हे दोनदा नाही, तीनदा बघितलं तरी कमी.

रक्ताच्या एक-दोन पिशव्या राखून ठेवल्यात का, नळीतल्या लघवीचं कल्चर झालंय का, आणि त्यात निघालेल्या जंतूवर चालणारं प्रतिजैविकच देणार आहेत का, हेही विचारा. सासरे एकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते आत्ताच सांगा. कधी थांबवायचं ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपल्या मनाने थांबवू नका.

मेडिक्लेमवाल्यांना लांब पत्र नको. एवढं पुरे: 'आधीची प्रक्रिया परक्युटेनियस नेफ्रॉस्टॉमी, म्हणजे निचऱ्यासाठी नळी, मूत्रपिंड काढलेलं नव्हतं. आताची प्रक्रिया त्याच बाजूची सिंपल नेफ्रेक्टॉमी.' सोबत आधीचं डिस्चार्ज कार्ड, डीटीपीए स्कॅन आणि सर्जनचं दोन ओळींचं पत्र जोडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल, तर इस्पितळातल्या आरोग्यमित्राला हीच कागदपत्रं दाखवा आणि पूर्वपरवानगीच्या अर्जात नाव 'नेफ्रेक्टॉमी' असंच गेलंय ना, ते बघा.

घरी आल्यावर

दुर्बिणीने झालं तर बहुधा तीन-चार दिवसांत घरी, ओपन झालं तर आठवडाभर. गॅसमुळे खांदा दुखतो, तो एक-दोन दिवसांत थांबतो. पोट सुरू व्हायला वेळ लागतो. वारा सरेपर्यंत जेवणाचा आग्रह नको. पहिल्याच दिवसापासून चालवा, नाहीतर पोटरीत रक्ताची गुठळी धरते. सहा आठवडे घागर, सिलेंडर, धान्याचं पोतं यांना हात लावू देऊ नका, कारण छेदाच्या जागी हर्निया याच दिवसांत सुरू होतो. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेतून पू, एका पोटरीला सूज, धाप किंवा पोट फुगून उलट्या झाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्या औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नका. उरलेल्या किडनीला त्या इजा करतात. धातूंची भस्मं असलेली औषधंही नकोत. इथून पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, विशेषतः डाय घालून सीटी स्कॅन करायचा असेल, तर 'एकच किडनी आहे' हे पहिलं वाक्य. नव्या कागदांवर 'एस/पी लेफ्ट नेफ्रेक्टॉमी' किंवा 'सॉलिटरी किडनी' असं दिसेल. 'एस/पी' म्हणजे झालेली, व्हायची नाही. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा तपासा.

या सगळ्यात नातेवाइकांच्या बोलण्यात कधीच न येणारी गोष्ट म्हणजे उजव्या बाजूचा खडा. ज्याला एकीकडे खडा झाला, त्याला दुसरीकडे होऊ शकतो. दोन किडन्या असताना एक अडली तर दुखतं, पण लघवी चालू राहते. आता एकटीच किडनी अडली तर लघवीच बंद होईल, आणि ते काही तासांत इस्पितळ गाठायचं काम आहे, दुखत नसलं तरी. म्हणून काढलेला खडा फेकू देऊ नका, तो कशाचा बनलाय ते तपासायला द्या. पाणी असं प्यायला हवं की दिवसभरात लघवी दोन ते अडीच लिटर होईल. हृदयाच्या किंवा पायांच्या सुजेच्या कारणाने डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर मात्र त्यांचंच ऐका. एकदा मोजून बघा, घरातलं एक लिटरचं जुनं माप त्यासाठी वेगळं काढून ठेवा. मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत; लोणचं, पापड धरून. खड्याच्या भीतीने दूध-ताक बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, ते बंद केलं तर उलट खडे वाढतात. आणि सोमवारी सही करण्यापूर्वी सर्जनना हे विचारा: 'उजव्या किडनीत आत्ता एखादा बारीक खडा आहे का, आणि असला तर त्याचं काय करायचं?'